विश्लेषण : दोघांचाच बँड, मग दौऱ्याशिवाय भागत का नाही? इंडी इलेक्ट्रॉनिक जोड्यांचे गणित काय?

मंचावर एक गायिका, एक लॅपटॉपवाला आणि मागे दिव्यांची भिंत. नवा अल्बम आला की अशा जोड्या महिनोनमहिने गावोगाव फिरतात. यामागे हौस किती आणि हिशेब किती? अमेरिकेतील ‘सिल्व्हन एसो’ या जोडीच्या निमित्ताने या व्यवसायाचा आढावा...

पूर्वी दौरा व्हायचा तो अल्बम खपावा म्हणून. कॅसेट आणि सीडीच्या काळात खरी कमाई दुकानातून यायची. दौऱ्यात तोटा झाला तरी रेकॉर्ड कंपनी तो जाहिरातीचा खर्च म्हणून सोसायची. आता हे नाते उलटे झाले आहे. अल्बम येतो तो दौऱ्याची तिकिटे खपावीत म्हणून! नवी गाणी नसतील तर सभागृहांचे आयोजक तारखा द्यायला फारसे उत्सुक नसतात, बातम्या येत नाहीत आणि आधी येऊन गेलेला श्रोता पुन्हा त्याच गाण्यांसाठी तिकीट काढेलच असे नाही. मोठ्या ताऱ्यांना हा नियम सैल पडतो. मधल्या फळीतल्या, म्हणजे हजार-दोन हजार श्रोत्यांच्या सभागृहात वाजवणाऱ्या कलाकारांना मात्र तो काटेकोर लागू पडतो. इंडी इलेक्ट्रॉनिक जोड्या बहुतांशी याच फळीत मोडतात.

सिल्व्हन एसो कोण आहेत?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम हे त्यांचे गाव. गायिका अमिलिया मीथ ही ‘माउंटन मॅन’ या तीन गायिकांच्या लोकसंगीत गटातली. तिथे वाद्ये जेमतेम, सगळा भर तीन आवाजांच्या मेळावर. निक सॅनबोर्न हा ‘मेगाफॉन’ या बँडमध्ये बास गिटार वाजवत असे आणि ‘मेड ऑफ ओक’ या नावाने एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करत असे. मिलवॉकी शहरातल्या एका कार्यक्रमात दोघे एकाच मंचावर आले. त्यानंतर मीथने आपल्या गटाच्या एका गाण्याचे रिमिक्स करण्याची विनंती सॅनबोर्नला केली. त्या एका रिमिक्समधून हा बँड उभा राहिला. पुढे दोघांनी लग्नही केले.

पहिला अल्बम २०१४ मध्ये आला. २०१७ च्या ‘व्हॉट नाऊ’ला सर्वोत्तम डान्स / इलेक्ट्रॉनिक अल्बमचे ग्रॅमी नामांकन मिळाले. त्या वर्षी हा पुरस्कार जर्मनीच्या ‘क्राफ्टवेर्क’ला गेला. अर्ध्या शतकापूर्वी ज्यांनी हा संगीतप्रकार घडवला, त्यांच्याकडूनच हरण्यात कमीपणा वाटावा असे काही नव्हते. २०२० च्या ‘फ्री लव्ह’लाही नामांकन होते. २०२२ च्या जानेवारीत हे दोघे लॉस एंजेलिसला गेले असताना करोनाच्या ओमिक्रॉन लाटेमुळे ग्रॅमी सोहळाच पुढे ढकलला गेला. हाती आलेल्या मोकळ्या वेळेत, साधारण तीन आठवड्यांत, त्यांनी पुढच्या अल्बमची गाणी करून टाकली. ‘नो रूल्स सँडी’ नावाचा हा अल्बम १२ ऑगस्ट २०२२ रोजी प्रकाशित झाला. त्याआधीच, जुलैमध्ये, न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलच्या मंचावर तो त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाजवून दाखवला होता. लोकसंगीताच्या महोत्सवात इलेक्ट्रॉनिक अल्बम, तोही बाजारात येण्याआधी! १९६५ मध्ये याच महोत्सवात बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली तेव्हा गदारोळ झाला होता, हे आठवले म्हणजे काळ किती बदलला ते कळते.

‘इंडी’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द आता इतका सैल झाला आहे की तो संगीताचा प्रकार आहे की व्यवसायाचा, हेच कळेनासे होते. मुळात तो व्यवसायाचाच आहे. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्यांच्या बाहेर राहून काम करणारा कलाकार तो इंडी. सिल्व्हन एसोचा पहिला अल्बम ‘पार्टिझन’ या छोट्या कंपनीने काढला, पुढचे अल्बम ‘लोमा विस्टा’ने. दुसरी कंपनी कॉन्कॉर्ड समूहाशी जोडलेली आहे, म्हणजे अगदीच घरगुती कारभार नव्हे. २०२१ पासून या जोडीची ‘सायकिक हॉटलाइन’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनीही आहे. चॅपल हिल येथे ‘बेटीज’ हा त्यांचा स्टुडिओ आहे. इंडी असणे म्हणजे गरीब असणे नव्हे. मुख्य फरक असा की तोट्यात गेलेला दौरा भरून काढायला पाठीशी बडी तिजोरी नसते.

दोघेच का?

इलेक्ट्रॉनिक संगीतात जोडीचा प्रघात जुना आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ‘सुइसाइड’ नावाची जोडी एक गायक आणि एक यंत्रवाला एवढ्यावर कार्यक्रम करत असे. ढोल नाही, गिटार नाही, हे पाहून प्रेक्षक खवळत. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘सॉफ्ट सेल’, ‘याझू’, ‘युरिदमिक्स’, ‘पेट शॉप बॉइज’ अशी रांगच लागली. कारण सरळ होते. १९८० मध्ये रोलँड कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आले. १९८३ मध्ये ‘मिडी’ हे मानक आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. ढोलकवाला, बासवाला आणि कीबोर्डवाला या तिघांचे काम एका माणसाला करता येऊ लागले. २००१ मध्ये ‘एबलटन लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर आले. त्यानंतर तर खोलीभर यंत्रांचे काम पाठीवरच्या पिशवीत मावू लागले.

तरीही दौरा स्वस्त झाला असे नाही. ‘पेट शॉप बॉइज’ची गाणी १९८६ पासून जगभर गाजत होती, पण त्यांचा पहिला दौरा निघायला १९८९ उजाडले. आधी आखलेला दौरा खर्चाच्या कारणाने बारगळला होता. मंचावर दोनच माणसे उभी असली की डोळ्यांना बघायला काही तरी द्यावे लागते. मग दिवे, पडदे, पोशाख, नर्तक असा खर्च वाढत जातो. माणसे वाचवून जे मिळवले ते सजावटीत जाते. सिअ‍ॅटल परिसरातली ‘ओडेझा’ ही जोडी मोठमोठ्या गर्दीसमोर वाजवते. मंचावर ते ढोलपथक उभे करतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो दोघांचा कार्यक्रम राहतच नाही. सिल्व्हन एसोने उलटा मार्ग धरला. मीथ जाड तळव्यांचे उंच बूट घालून मंचभर नाचते आणि गाते. सॅनबोर्न टेबलामागे असतो, पण तोही जागेवर स्वस्थ बसलेला नसतो.

बटण दाबले की गाणे वाजते, मग ‘लाइव्ह’ काय?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ऑर्केस्ट्राची जागा ‘मायनस ट्रॅक’ने घेतली तेव्हा महाराष्ट्रातल्या वादकांनीही तो विचारला होता. मायनस ट्रॅक म्हणजे गायकाचा आवाज वगळून बाकी सगळे आधीच ध्वनिमुद्रित केलेले गाणे. ते एकदा सुरू झाले की पाच मिनिटांनी संपणारच. गायक मध्येच थांबला तरी ते थांबत नाही. आणि आपल्या मिरवणुकांतला ‘डीजे’ म्हणजे तर स्पीकरची भिंत. त्याचा या विषयाशी काहीच संबंध नाही.

चांगल्या इलेक्ट्रॉनिक जोडीचा प्रयोग मायनस ट्रॅकपेक्षा वेगळा असतो. गाणे एका सलग फितीसारखे नसून तुकड्यांत ठेवलेले असते. ताल वेगळा, बास वेगळा, सुरावट वेगळी, आवाजाचे कापलेले नमुने वेगळे. हा प्रत्येक तुकडा आवर्तनासारखा फिरत राहतो. कंट्रोलरवरची बटणे आणि नॉब फिरवून वादक कोणता तुकडा कधी आत आणायचा, कधी काढायचा, किती चिरडायचा, किती लांबवायचा हे तिथल्या तिथे ठरवतो. समोरची गर्दी रंगात असेल तर तालाची आवर्तने वाढतात, गायिकेने दम घ्यायला थांबा घेतला तर संगीतही थांबते. सॅनबोर्न लॅपटॉपसोबत मॉड्युलर सिंथेसायझरही वापरतो. तारा जोडून आवाज घडवणारे हे यंत्र लहरी असते. काल रात्रीचा आवाज आज तसाच्या तसा मिळेल याची खात्री नाही. तबल्याच्या साथीत लग्गी कधी सुरू करायची हे जसे कागदावर लिहिलेले नसते, त्याच जातीचा हा निर्णय आहे.

अर्थात सगळ्या जोड्या असे करत नाहीत. काहींचा लॅपटॉप खरोखरच ‘प्ले’चे बटण दाबण्यापुरता असतो आणि बाकी सगळा अभिनय. प्रेक्षकाला हे ओळखता येते का? बऱ्याचदा येते. दोन वेगवेगळ्या शहरांतले एकाच गाण्याचे चित्रण शेजारी ठेवून पाहिले आणि ते सेकंदावर जुळले, तर काय ते समजावे.

एका प्रयोगातून हाती किती उरते?

मराठी नाटकाचा दौरा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हा हिशेब पटकन कळेल. तिथेही थिएटरचे भाडे, बस, नेपथ्याचा टेम्पो, लॉजिंग आणि कलाकारांची ‘नाइट’ वजा जाता निर्मात्याच्या हाती काय उरते, यावर पुढचा प्रयोग ठरतो. पुढील आकडे कुठल्याही एका बँडचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. टक्केवारी मात्र या व्यवसायात सर्रास चालणारी आहे.

समजा, हजार जागांचे सभागृह आहे. ३० डॉलरचे तिकीट आणि ८०० तिकिटे खपली. गल्ला २४ हजार डॉलर. सभागृह, कर्मचारी, ध्वनिव्यवस्था, जाहिरात यांचे नऊ हजार वजा केले की १५ हजार उरतात. त्यातले ८५ टक्के बँडचे आणि १५ टक्के आयोजकाचे, असा करार सामान्यतः असतो. म्हणजे बँडला १२ हजार ७५०. यातून कार्यक्रम ठरवणाऱ्या एजंटचे १० टक्के आणि व्यवस्थापकाचे १५ टक्के गेले की साधारण साडेनऊ हजार राहतात.

खरा प्रवास आता सुरू होतो. दोघांच्या बँडसोबतही ध्वनितंत्रज्ञ, दिवेवाला, दौरा सांभाळणारा, चालक आणि टी-शर्ट विकणारा अशी पाच माणसे असतात. त्यांचा प्रत्येकी ३०० डॉलर रोज, हॉटेल, गाडी, इंधन, जेवण मिळून दिवसाला ३ हजार २०० डॉलर धरू. मात्र आठवड्यात प्रयोग पाचच होतात आणि खर्च सातही दिवस चालू राहतो. म्हणून एका प्रयोगावर तो ४ हजार ४८० पडतो. दोघांच्या हाती उरतात साधारण पाच हजार, म्हणजे माणशी अडीच हजार. यातून तालमीचे दिवस, विमा, वाद्यांची दुरुस्ती आणि प्राप्तिकर जायचा आहे. पण गणित बसते.

आता याच मंचावर आणखी आठ वादक आणा. त्यांचा रोज, त्यांच्या खोल्या आणि मोठी बस मिळून दिवसाला चार हजार डॉलर वाढले, तर एका प्रयोगावर ५ हजार ६०० चा बोजा पडतो. पाच हजारांची शिल्लक जाऊन पाचशेचा खड्डा होतो. तिकिटे तेवढीच, टाळ्या कदाचित जास्त! दोघांचा बँड हे सौंदर्यदृष्टीचे विधान आहे, असे मुलाखतींत सांगितले जाते. ते खरेही असेल, पण या पाचशेच्या खड्ड्याचाही त्यात वाटा आहे.

मग दहा जणांचा दौरा कोणी का काढेल?

सिल्व्हन एसोने तो काढला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी आपलीच गाणी दहा जणांच्या बँडसह सादर केली. जेन वॉस्नर, मेग डफी, मॅट मॅककॉहन, जो वेस्टरलंड असे नावाजलेले वादक होते, माउंटन मॅनमधल्या मीथच्या दोन्ही सोबतिणीही होत्या. सॅनबोर्नने संगणकावर रचलेला प्रत्येक खटका माणसाने हाताने वाजवायचा, असा तो खेळ होता. प्रयोग मोजकेच झाले आणि शेवट डरहॅममध्ये. इतक्या खर्चाचा दौरा लांबवणे कोणालाच परवडणारे नव्हते, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात यावे. त्यांनी हुशारी ही केली की त्याचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करून ठेवले. ‘विथ’ या नावाने ते एप्रिल २०२० मध्ये लोकांसमोर आले, तेव्हा जगभरची सभागृहे करोनामुळे कुलूपबंद होती. एका मंचावर दहा माणसे खेटून उभी आहेत आणि समोर हजारो, हे दृश्य त्या महिन्यात पाहणाऱ्याला ते कुठल्या तरी जुन्या जगातले वाटले असणार.

पुढे सप्टेंबरात ‘फ्री लव्ह’ आला, पण तेव्हा दौरा काढणे शक्य नव्हते. ज्या कमाईसाठी अल्बम काढायचा तीच बंद. त्या काळात अनेक छोट्या कलाकारांना ‘बँडकॅम्प’ या संकेतस्थळाने हात दिला. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी या संकेतस्थळाने आपला हिस्सा सोडून ती रक्कमही कलाकारांना द्यायला सुरुवात केली. श्रोत्यांनीही त्या दिवशी ठरवून खरेदी केली. पण याने दौऱ्याची भरपाई होत नव्हती.

स्ट्रीमिंगचे पैसे कुठे जातात?

स्पॉटिफायसारख्या सेवा ‘एका ऐकण्याला इतके पैसे’ असा दर देत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. एखाद्या देशात महिनाभरात वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या पैशांपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश रक्कम हक्कधारकांसाठी बाजूला काढली जाते. एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत ज्याचा जितका वाटा, तितकी रक्कम त्याला मिळते. याचा परिणाम गमतीचा आहे. पुण्यातला एखादा श्रोता महिनाभर फक्त सिल्व्हन एसो ऐकत बसला तरी त्याची वर्गणी थेट त्यांच्याकडे जात नाही. ती सगळ्या भांड्यात पडते आणि सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या ताऱ्यांकडे तिचा मोठा भाग वळतो. शिवाय भारतातली वर्गणी स्वस्त असल्याने इथल्या एका ऐकण्याचे मोलही अमेरिकेतल्यापेक्षा कमी पडते.

अमेरिकी बाजारात दहा लाख वेळा गाणे ऐकले गेले तर हक्कधारकाला तीन-चार हजार डॉलर मिळतात, असा सर्वसाधारण अंदाज धरला जातो. रेकॉर्ड कंपनीशी निम्म्याचा करार असेल तर बँडला दीड-दोन हजार. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ८०० लोकांच्या एका संध्याकाळइतकी शिल्लक गाठायला गाणे पंचवीस लाखांहून अधिक वेळा वाजायला हवे. २०२४ पासून तर वर्षभरात हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाचे पैसे देत नाही. अगदी नवख्यांना याची झळ बसते. स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढण्यामागे कलाकारांचा जो विचार असतो तो याच निम्म्या वाट्याभोवती फिरतो.

टी-शर्ट एवढा महत्त्वाचा का?

सभागृहाच्या कोपऱ्यातले टी-शर्ट आणि रेकॉर्डचे टेबल म्हणजे दौऱ्याचा श्वास. तिकिटाच्या पैशांत पाच वाटेकरी असतात, टी-शर्टच्या नफ्यात कमी. पण तिथेही अनेक सभागृहे विक्रीवर १५ ते ३० टक्के हिस्सा मागतात. टेबल आमच्या जागेत लावता ना, हा त्यांचा युक्तिवाद. मग मद्यविक्रीतला हिस्सा बँडला का देत नाही, हा कलाकारांचा उलट सवाल. दोन्ही बाजूंनी तथ्य आहे, मात्र गर्दी कोणाच्या नावावर जमली हे पाहिले तर कलाकारांचा सवाल अधिक रास्त वाटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘लाइव्ह नेशन’ या सर्वांत मोठ्या आयोजक कंपनीने आपल्या क्लबांत हा हिस्सा घेणे थांबवत असल्याचे आणि कलाकारांना प्रत्येक प्रयोगामागे प्रवासखर्चासाठी १५०० डॉलर देणार असल्याचे जाहीर केले. बँड खूश झाले, स्वतंत्र सभागृहांच्या संघटनेने मात्र विरोध केला. बड्या कंपनीला हे परवडते, आम्हाला नाही, त्यामुळे आमच्याकडचे कलाकार ओढले जातील, ही त्यांची भीती होती.

दौरे रद्द का होऊ लागले?

करोनानंतर सगळे एकाच वेळी रस्त्यावर उतरले. बस मिळेना, तंत्रज्ञ मिळेनात, इंधन आणि हॉटेल महागले. प्रेक्षकाच्या खिशात मात्र महिन्याला दोन-तीन तिकिटांचेच पैसे. २०२२ मध्ये ब्रिटिश रॅपर लिटल सिम्झने अमेरिकेचा दौरा रद्द केला. स्वतंत्र कलाकार म्हणून खर्च झेपणारा नाही, हे तिने उघड सांगितले. सप्टेंबरात सँटिगोल्डने आणि ऑक्टोबरात ‘अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह’ने आपले दौरे मागे घेतले. या दुसऱ्या बँडला युरोपात जाऊन तोटाच होणार हे आधीच दिसत होते. ही नवखी नावे नाहीत. वर्षानुवर्षे श्रोते जमवलेल्या कलाकारांची ही अवस्था, तर नव्या जोडीचे काय?

नव्या जोडीसाठी एक वाट असते ती मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवण्याची. २०२२ मध्ये ‘ओडेझा’च्या ‘द लास्ट गुडबाय’ दौऱ्यातल्या काही प्रयोगांत सिल्व्हन एसोही होते. त्यांच्यासारख्या नामांकित जोडीला अशा वेळी बरे मानधन मिळू शकते. नवख्यांना मिळणारे पैसे अनेकदा इंधनालाही पुरत नाहीत, पण नवे कान मिळतात. दुसरी वाट महोत्सवांची. तिथे ठोक रक्कम मिळते, सभागृहाची चिंता नाही. मात्र करारात बहुधा अट असते की अमुक मैलांच्या परिसरात अमुक महिने दुसरा कार्यक्रम करायचा नाही. एका महोत्सवापायी आजूबाजूची तीन-चार गावे हातची जातात.

परदेशातून अमेरिकेत जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. एप्रिल २०२४ पासून कलाकारांच्या व्हिसा अर्जाचे शुल्क ४६० डॉलरवरून हजारापुढे गेले. शिवाय परदेशी कलाकाराच्या एकूण मानधनातून ३० टक्के कर आधीच कापला जाऊ शकतो. निव्वळ नफ्यातून नव्हे, एकूण रकमेतून! दोघांच्या बँडला इथेही फायदा आहे, अर्ज कमी आणि विमानाची तिकिटे कमी. ब्रिटनमध्ये तर छोटी सभागृहेच कमी होत आहेत. तेथील ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’च्या नोंदीनुसार एकट्या २०२३ मध्ये १२५ छोट्या सभागृहांनी संगीताचे कार्यक्रम थांबवले. स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटामागे काही रक्कम काढून ती या सभागृहांना द्यावी, अशी शिफारस तेथील संसदीय समितीने २०२४ मध्ये केली. ज्या सभागृहांत उद्याचे स्टेडियमचे तारे तयार होतात, त्यांनाच आजच्या ताऱ्यांनी हातभार लावावा, ही त्यामागची कल्पना.

आपल्याकडे काय चित्र आहे?

दिल्लीची ‘मिडिव्हल पंडित्झ’ ही गौरव रैना आणि तपन राज यांची जोडी या क्षेत्रातली जुनी. त्यांचा पहिला अल्बम २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स डिग्रीज’ने काढला. मुंबईत इमाद शाह आणि सबा आझाद यांच्या ‘मॅडबॉय/मिंक’ने २०१२ पासून स्विंग आणि इलेक्ट्रॉनिकची सरमिसळ केली. या पिढीला वाजवायला जागा मिळाली ती लोअर परळच्या ‘ब्लू फ्रॉग’सारख्या क्लबमुळे आणि २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’मुळे. २०१६ मध्ये मुंबईचे ‘ब्लू फ्रॉग’ बंद झाले. गोव्यात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘सनबर्न’सारखे मोठे महोत्सव आहेत, पण महोत्सव वर्षातून दोन-चार दिवसांचा. मधल्या तीनशे-पाचशे जागांच्या सभागृहांची साखळी नसेल तर दौरा होत नाही, सुट्या ‘सुपाऱ्या’ होतात. भारतातली मोठी शहरे एकमेकांपासून दूर असल्याने व्हॅन घेऊन रोज रात्री पुढचे गाव गाठणे जमत नाही. विमानाचे भाडे आणि वाद्यांचे जादा वजन हाच पहिला खर्च ठरतो.

मोकळ्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यावर मात्र १८ टक्के. छोट्या कार्यक्रमांच्या दृष्टीने ही सवलत चांगली आहे. महाराष्ट्रापुरते एक बलस्थान आहे, ते म्हणजे महापालिका आणि नगरपालिकांची नाट्यगृहे. जिल्ह्याजिल्ह्यांत अशी सार्वजनिक सभागृहे आहेत आणि बंदिस्त असल्याने दहाची अट तिथे तशी आड येत नाही. नाटकाचा दौरा याच जाळ्यावर उभा राहिला. खुर्च्या न हलणाऱ्या या सभागृहांत नाचायचे कुठे, हा प्रश्न आहेच. पण २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाऊस गाणे ज्या वेगाने पसरले, ते पाहता अशा संगीताला मराठीत श्रोता नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

या सगळ्यात एक मुंबईकर नाव अनेकदा राहून जाते. जोडी नव्हे, एकटेच. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. त्यात भैरव होता, ललत होता आणि खाली यंत्राचा ताल. तो फारसा खपला नाही. २०१० मध्ये तो युरोपात पुन्हा प्रकाशित झाला आणि शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाऊस’आधीच मुंबईत हे कोणी कसे केले, याची जगभर चर्चा सुरू झाली. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग तेच राग वाजवायला युरोपच्या दौऱ्यावर निघाले. तोवर अल्बमला तीस वर्षे होऊन गेली होती.